अँथियसची पंगत

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे दर्शनाला येणारी मंडळी आरती झाली, प्रसाद घेतला की हॉलच्या दुसऱ्या भिंतीकडे वळतात. तिथे पाच फूट लांबीची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. मग प्रश्न सुरू होतात. हे केशरी मासे कुठले? किती पैसे लागतात? आमच्याकडे गोल्डफिश आहे, त्याच्यात हे राहतील का? सेक्रेटरींनी हे प्रश्न ऐकले आणि म्हणाले, "एकदाच सगळ्यांना मंडळात सांगून टाका." म्हणून आज उभा आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो. नाही, राहणार नाहीत. गोल्डफिश गोड्या पाण्यातला, हे समुद्रातले. बाकीच्या दोन प्रश्नांना थोडा वेळ लागेल. आणि एक प्रश्न कोणी विचारत नाही, पण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. हे मासे घरी ठेवावेत का? त्याचंही उत्तर शेवटी माझ्या परीने देणार आहे.

या माशांचं नाव अँथियस. एकच जात नव्हे, अनेक जातींचं हे कुटुंब आहे. आमच्याकडे आहे तो त्यातला सर्वांत परिचित, शास्त्रीय नाव स्युडँथियस स्क्वॅमिपिनिस. विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने मोझांबिकच्या किनाऱ्यावरून त्याचं वर्णन केलं, ते १८५५ साली. तांबड्या समुद्रापासून पूर्व आफ्रिका, हिंदी महासागरातली बेटं, तिथून जपान आणि ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो. प्रवाळाची भिंत जिथे खोल पाण्याकडे उतरते आणि पाण्याला सतत ओढ असते, तिथे हे मासे शेकड्यांनी, कधी हजारांनी तरंगत असतात. तोंड प्रवाहाकडे. मोठा मासा दिसला की सगळा थवा एका क्षणात प्रवाळाच्या फटींत शिरतो, धोका टळला की पुन्हा बाहेर.

केशरी दिसतात त्या माद्या. नर जांभळट गुलाबी, आकाराने मोठा. त्याच्या पाठीवरच्या पंखाचा तिसरा काटा लांब वाढून तुऱ्यासारखा उभा राहतो. एका नराभोवती अनेक माद्या असा संसार असतो. आणि बालगोपाळांनो, आता गंमत ऐका. हे मासे आधी मादी म्हणूनच वाढतात. नर मेला किंवा कोणी पकडून नेला, तर थव्यातली एखादी मोठी मादी बदलू लागते आणि काही आठवड्यांत पूर्ण नर होते. लेव्ह फिशेलसन या इस्रायली शास्त्रज्ञाने नर असणं-नसणं आणि हा बदल यांचा संबंध दाखवणारा अभ्यास १९७० साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

आमच्या टाकीत हे घडलेलं आम्ही पाहिलं आहे. जुना नर गेला. चार-पाच दिवसांत सर्वांत मोठी मादी इतरांवर धावून जाऊ लागली, नराच्या जागेवर, वरच्या दगडाजवळ फिरू लागली. रंग बदलला तो नंतर. तुरा आला तो आणखी नंतर. म्हणजे आधी वागणं बदललं, मग रूप. माझी आई हे रोज बघत होती. ती एवढंच म्हणाली, "घरातली जागा रिकामी राहत नाही रे. कोणीतरी उभं राहतंच."

आता मुद्द्यावर येतो. अँथियस हा नाजूक मासा समजला जातो. दुकानातून आणला आणि महिन्याभरात गेला, असा अनुभव अनेकांना येतो. लोक समजतात रोग झाला. रोग होतात, त्याविषयी बोलेन. पण पुष्कळदा मूळ कारण साधं असतं. मासा उपाशी मरतो. टाकीत खाणं पडत असतं, तरीही उपाशी मरतो.

कारण त्याचं पोट आणि त्याची सवय. समुद्रात प्रवाहाबरोबर डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव वाहत येतात. कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी प्राणी, माशांची अंडी, अळ्या. अँथियस उजाडल्यापासून मावळेपर्यंत एकेक टिपत राहतो. त्याला एका बैठकीत पोट भरून घ्यायची सवय नाही. साठवण कमी आणि दिवसभर पोहण्याचा खर्च मोठा. आपल्याकडे जशी काही माणसं दोन वेळच्या जेवणावर दिवस काढतात आणि तान्ह्या बाळाला दर दोन-तीन तासांनी दूध लागतं, तसा हा फरक आहे. गोल्डफिशला दिवसातून एकदा चिमूटभर खाणं चालतं. अँथियसला तेवढ्यावर ठेवलं तर तो हळूहळू झिजतो.

त्यात त्याचा प्रवास बघा. बेटावर कोणी तरी पकडला, निर्यातदाराकडे आला, विमानाने आला, आयातदाराकडे उतरला, तिथून आपल्या गावच्या दुकानात. प्रवासात पिशवीतलं पाणी खराब होऊ नये म्हणून माशांना मुद्दाम उपाशी ठेवतात. म्हणजे दुकानात दिसतो तेव्हा तो आधीच काही दिवसांचा उपाशी असतो. म्हणून विकत घेताना रंग बघू नका, पाठ बघा. डोक्याच्या मागचा भाग भरलेला, गोलसर हवा. तिथे खळगा पडला असेल, पाठ सुरीच्या धारेसारखी दिसत असेल, तर त्या माशाला परत उभं करणं फार कठीण. दुकानदाराला सांगा, माझ्यासमोर खायला घाला. जो वर येऊन टिपतो तो घ्या. जो कोपऱ्यात तोंड खुपसून बसला आहे त्याची दया येते, पण दयेपोटी घेऊ नका.

आमच्याकडे पाच वेळा खाणं होतं. सकाळी सहाला मी, नऊला बायको, दुपारी एकला आई, पाचला मुलगी क्लासला जाण्यापूर्वी आणि रात्री आठला, दिवे मंद होण्याआधी, पुन्हा मी. प्रत्येक वेळी थोडंसंच. गोठवलेला मायसिस म्हणजे कोळंबीसारखा बारीक प्राणी, गोठवलेले कोपेपॉड, आठवड्यातून दोन-तीनदा घरी उबवलेला आर्टेमिया. आर्टेमियाची अंडी खाऱ्या पाण्यात हवा सोडून ठेवली की साधारण चोवीस तासांत फुटतात. एक साधी प्लास्टिकची बाटली उलटी टांगून हे करता येतं, सुट्टीत मुलांना करायला द्या. नवा मासा काहीच खात नसेल तर हे हलणारं जिवंत खाणं बहुधा त्याला तोंड उघडायला लावतं. मग हळूहळू गोठवलेलं, आणि रुळला की बारीक दाणे. दाणे खायला लागला की आपोआप दाणे टाकणारं यंत्र लावता येतं. पण आधी यंत्र, मग मासा, असा क्रम चालत नाही.

वडील गेल्यानंतर दुपारची वेळ आईला फार लांब वाटायची. एक वाजताचं खाणं तिने स्वतःहून मागून घेतलं. "दुपारची पंगत माझी," म्हणाली. डोळ्यांना कमी दिसतं, पण कोण जेवलं आणि कोण मागे राहिलं, हे तिला माझ्याआधी कळतं. मी कचेरीत असताना तिचा फोन येतो, "ती कापल्या शेपटीची आज आली नाही." मी घरी येऊन बघतो, तर खरोखर ती दगडामागे असते.

तर हा या छंदाचा पहिला खर्च. पैशाचा नाही, वेळेचा. घरात दिवसा कोणीच नसेल, सगळे आठ-आठ दिवस गावाला जात असतील, तर अँथियस तुमच्यासाठी नाही. आम्ही चौघं एकाच वेळी कोल्हापूरला लग्नाला जाऊ शकत नाही. कोणीतरी मागे राहतं.

दुसरी गोष्ट पाणी. माझं काम पाणीपुरवठ्याशी संबंधित, म्हणून हा भाग आवडीने सांगतो. नळाचं पाणी आजव्याचं असो की महीचं, ते पिण्यासाठी शुद्ध केलेलं असतं, प्रवाळासाठी नाही. त्यातला क्लोरीन आणि विरघळलेले क्षार काढावे लागतात. घरच्या आरओला पुढे एक डीआय म्हणजे रेझिनची नळी जोडली की टीडीएस शून्यावर येतो. मग त्यात समुद्री मीठ. स्वयंपाकातलं मीठ नव्हे. प्रवाळटाकीसाठी तयार मिश्रण मिळतं, त्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम समुद्राच्या प्रमाणात असतात. क्षारता हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६. तापमान २४ ते २६ अंश. पीएच ८.१ ते ८.४. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट दहाच्या आत राहिलं तर उत्तम.

आणि पाणी उडतं. पाणी उडालं की मीठ मागे राहतं आणि क्षारता वाढते. म्हणून रोजची भर घालायची ती साध्या शुद्ध पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. हे एकदा लक्षात आलं की अर्धी टाकी समजली.

आता आपल्या बडोद्याची अडचण. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात. टाकीतलं पाणी बत्तिशीला जायला वेळ लागत नाही. पाणी तापलं की दोन गोष्टी एकदम होतात. माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २५ अंशांवर समुद्राच्या पाण्यात लिटरला पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांवर सव्वासहाच्या आसपास. फरक लहान वाटतो. पण अँथियस हा सतत पोहणारा मासा, वाहत्या, भरपूर प्राणवायूच्या पाण्यातला. त्याला हा फरक जाणवतो. म्हणून चिलर लागतो, म्हणजे पाण्याचा छोटा फ्रिज. चिलर, दिवे, पंप, सगळं धरून माझ्याकडे सरासरी ३०० वॉट भार येतो. दिवसाला सात युनिट, महिन्याला दोनशेच्या वर. वीजबिलाचा दर तुम्हाला माहीत आहे, गुणाकार घरी जाऊन करा.

तिसरी गोष्ट वजन. माझी डिप्लोमा स्थापत्यची, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाच फूट लांब, दोन रुंद, दोन उंच अशा टाकीत साडेपाचशे लिटरहून जास्त पाणी मावतं. काच, दगड, वाळू, खालचं कपाट धरा, सातशे किलोच्या पुढे जातं. राहत्या घराची स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात. टाकीची बैठक जेमतेम एक चौरस मीटरची. एका बाजूला भार जास्त आला म्हणजे स्लॅब लगेच खाली येते असं नाही, पण खोलीच्या मधोमध, जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर अशी टाकी ठेवू नका. तुळईच्या वर, भिंतीला लागून ठेवा, आणि जागा ठरवण्यापूर्वी जाणत्याला दाखवा.

आता टाकीच्या आतला हिशेब. मी म्हटलं, पाच वेळा खायला द्या. पण खाणं आत गेलं की घाण बाहेर येते. माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू दगडांवर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात, तोवर टाकीत मासा घालायचा नाही. नायट्रेट आणि फॉस्फेट साचले की शेवाळ माजतं आणि प्रवाळ गुदमरतो. म्हणजे बघा, माशाला भरपूर खाणं हवं आणि प्रवाळाला स्वच्छ पाणी हवं. दोघांना एका घरात नांदवायचं, हीच या छंदातली खरी कसोटी. खाणं कमी करून पाणी स्वच्छ ठेवणं सोपं आहे, पण मग मासा जातो. म्हणून खाणं तेवढंच ठेवून सफाई वाढवायची. टाकीच्या मानाने एक माप मोठा प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण वर काढणारं यंत्र. खालच्या सम्पमध्ये हिरवं समुद्री शेवाळ मुद्दाम वाढवायचं आणि दर आठवड्याला मूठभर कापून टाकायचं, त्याबरोबर नायट्रेटही बाहेर जातं. दर पंधरा दिवसांनी दहा टक्के पाणी बदलायचं. साडेपाचशे लिटरला पन्नास-पंचावन्न लिटर, म्हणजे दर वेळी दोन किलोच्या आसपास मीठ.

या सगळ्यामुळे माझा सल्ला असा की नवीन टाकीत पहिले सहा महिने अँथियस आणू नका. आधी क्लाउनफिशसारखा सोशिक मासा सांभाळा. पाणी स्थिर राहतं का, घरातली माणसं वेळा पाळतात का, हे त्यात कळतं.

जात कोणती? स्क्वॅमिपिनिस आणि बार्टलेट्स या दोन जाती त्यातल्या त्यात सोशिक. हिंदी महासागरातला इव्हान्सी, पाठीवर पिवळा, फार देखणा, पण खाण्याच्या बाबतीत अधिक हट्टी. जांभळी टुका पाहिली की हात आवरत नाही, पण ती बहुतेक घरगुती टाक्यांत टिकत नाही. खोल पाण्यातली व्हेंट्रालिस तर थंड पाण्याची, मंद उजेडाची. या दोन्ही दुकानात दिसल्या तरी बघून पुढे जावं. किती घ्यावेत? एक नर आणि पाच-सहा माद्या, किंवा सगळ्या माद्याच. त्यांच्यातली एक यथावकाश नर होईल. दोन नर एका टाकीत नकोत. दोन-तीनच मासे घेतले तर मोठा लहानाला सतत त्रास देतो, संख्या जास्त असली की तो त्रास वाटला जातो. सर्वांना एकाच दिवशी सोडा. वर जाळी बसवा, कारण घाबरला की हा मासा उडी मारतो आणि सकाळी फरशीवर सापडतो.

घरी आणल्यावर थेट मोठ्या टाकीत नाही. आधी वेगळ्या साध्या टाकीत महिनाभर. पांढरे ठिपके, मखमलीसारखा थर, अंगावर लाल जखमा, असे रोग अँथियसबरोबर येऊ शकतात. मोठ्या टाकीत दगड आणि प्रवाळ असताना औषध घालता येत नाही, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा शिरला तर टाकी दहा-अकरा आठवडे माशांशिवाय ठेवावी लागते. वेगळ्या टाकीतही तांब्याचं औषध मोजमाप न करता वापरू नका, अँथियसला ते पटकन बाधतं.

पिशवी उघडण्याची एक पद्धत सांगतो. पुष्कळ लोक पिशवी उघडून तासन् तास थेंब थेंब पाणी सोडत बसतात. लांबच्या प्रवासात माशाच्या श्वासाने पिशवीतलं पाणी आम्लधर्मी होतं. अशा पाण्यात अमोनिया फारसा विषारी रूपात नसतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे आपण मायेने थेंब सोडत असतो आणि मासा विषात असतो. त्यापेक्षा दुकानदाराकडून त्याच्या पाण्याची क्षारता विचारून घ्या, वेगळ्या टाकीत तेवढीच ठेवा, बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान सारखं करा, मग पिशवी उघडा आणि मासा लगेच सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका.

वीज गेली तर काय, हा प्रश्न ऑगस्ट २०२४ नंतर मला अनेकांनी विचारला. विश्वामित्रीच्या पुराच्या त्या दिवसांत आमच्या सोसायटीत दोन दिवसांहून जास्त वीज नव्हती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावरची दोन कुटुंबं आमच्याकडे वर आली होती, घरात अकरा माणसं. इन्व्हर्टर एकच. त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. १५० अँपिअर-तासांची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास. बॅटरी पूर्ण पिळायची नाही म्हणून निम्मे, ९००. चिलर, दिवे, स्किमर बंद. फक्त पाणी ढवळणारा एक वीस वॉटचा पंप चालवला तर पंचेचाळीस तास निघतात. पण घरात माणसं होती, त्यांचे मोबाइल होते, नातेवाइकांना खुशाली कळवायची होती, एका आजींचं वाफेचं यंत्र होतं. माणसांचा वाटा आधी काढला, त्यात चर्चेला जागाच नव्हती. उरलं त्यात पंप रात्रीच चालवायचं ठरलं, कारण अंधारात शेवाळ आणि प्रवाळही प्राणवायू वापरतात. दिवसा आम्ही हाताने पाणी ढवळलं. मगने पाणी काढायचं आणि फूटभर उंचीवरून परत ओतायचं. पाळ्या लावल्या. तळमजल्यावरचे काका, ज्यांचं सगळं सामान खाली पाण्यात होतं, ते दोन तास स्टुलावर बसून मग ओतत होते. मी म्हटलं, "काका, तुम्ही आराम करा." ते गुजरातीत म्हणाले, "खाली माझं काय झालं ते मला दिसत नाही. हे तरी दिसतंय." 

दोन दिवस माशांना खाणं दिलं नाही, कारण खाल्लं की प्राणवायू जास्त लागतो आणि घाण वाढते. भरल्या अंगाचा मासा दोन दिवसांचा उपास सोसतो, खंगलेला सोसत नाही. वीज आली तेव्हा सातही मासे होते. रोजच्या पाच वेळांचा उपयोग त्या दोन दिवसांत कळला.

आता शेवटचा आणि कायद्याचा भाग. टाकी शोभिवंत व्हावी म्हणून कोणी समुद्रावरून प्रवाळ, प्रवाळाचा दगड उचलून आणत असेल तर ते थांबवा. भित्ती बांधणारे कठीण प्रवाळ २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. गोळा करणं, विकणं, दोन्ही गुन्हा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणीही करावी लागते. माझ्या टाकीत दगड आहेत ते भाजलेल्या मातीचे, त्यावर मऊ प्रवाळाच्या फांद्या आहेत, त्याही दुसऱ्या टाकीत वाढलेल्यांचे तुकडे. अँथियसला लपायला फट हवी असते, ती समुद्रातली की कुंभाराकडची, याचा त्याला फरक पडत नाही.

खरा प्रवाळ पाहायचा असेल तर आपल्या जवळच आहे. जामनगरजवळचं कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान हे देशातलं पहिलं, १९८२ सालचं. नरारा आणि पिरोटनला ओहोटीच्या वेळी प्रवाळाच्या पठारावर चालत जाता येतं. महाराष्ट्रात मालवणचं सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्राखाली आंग्रिया बँक नावाची प्रवाळभूमी आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. मुलांना हे एकदा दाखवा किंवा निदान नकाशावर शोधायला लावा.

आणि मासे? बाजारात येणारे अँथियस जवळजवळ सगळे समुद्रातून पकडलेले असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. काही देशांत शोभेचे मासे पकडण्यासाठी सायनाइड वापरलं गेलं आहे, त्याने मासाही जातो आणि प्रवाळही. पण एक चांगली बातमीही आहे. केरळमध्ये विळिंजम येथे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या केंद्रात स्युडँथियस मार्सिया या अँथियसचं बंदिस्त टाक्यांत प्रजनन करून पिल्लं वाढवण्यात आली, त्याचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. अँथियसची पिल्लं इतकी सूक्ष्म असतात की त्यांच्या तोंडात मावेल असं जिवंत खाणं आधी वाढवावं लागतं. हे काम आपल्या देशात झालं याचा मला अभिमान वाटतो. क्लाउनफिश तर हॅचरीतले मिळतात, नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानची हॅचरी आहे. म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नको. "हॅचरीतला आहे का? नसेल तर कुठल्या समुद्रातला?" हा विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर अकराव्याच्या आधी दुकानदार उत्तर शोधून ठेवेल.

तर ठेवावेत का? माझं उत्तर असं आहे. ज्याच्या घरी एक वर्ष खाऱ्या पाण्याची टाकी नीट चालली आहे, जिथे दिवसभर कोणी ना कोणी असतं, जिथे विजेची सोय आणि वेगळी टाकी आहे, त्याने जरूर ठेवावेत, आणि थोडेच ठेवावेत. बाकीच्यांनी ठेवू नयेत. त्यांनी आमच्याकडे यावं. गणपतीची आरास दहा दिवसांची असते, नंतर ती उतरवून माळ्यावर ठेवता येते. ही टाकी तशी उतरवून ठेवता येत नाही. तिच्यातल्या जिवांना अकराव्या दिवशीही सकाळी सहाला भूक लागते.

दुपारी एकच्या सुमारास आलात तर उत्तम. तेव्हा आईची पंगत असते आणि कोण आलं, कोण राहिलं, हे ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. मुलांना जरूर आणा. काचेवर टकटक करायची नाही, एवढाच नियम.

 गणपती बाप्पा मोरया!